बर्फात रुतलेली गाडी ओढताना दोर कुठे आणि कसला लावावा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोजवळ ॲमहर्स्टला राहतो. आमच्या भागातले आम्ही चार जण गेली तीन वर्षं बर्फ पडला की फावडी घेऊन बाहेर पडतो आणि रुतलेल्या गाड्या काढून देतो. पैसे घेत नाही. आजवर फावड्यावर भागत होतं. मागच्या आठवड्यात मात्र दोर लावून ओढायला गेलो आणि मोठा अपघात होता होता राहिला. त्याबद्दलच विचारायचंय. जरा लांबण लागेल, पण काय केलं ते नीट सांगितल्याशिवाय चूक नेमकी कुठे झाली ते तुम्हाला कळायचं नाही.

इथला बर्फ फसवा असतो. थंड वारा ईरी सरोवराच्या न गोठलेल्या पाण्यावरून येतो, येताना बाष्प उचलतो आणि किनाऱ्यावर एका अरुंद पट्ट्यात सगळा बर्फ ओततो. २०२२च्या नोव्हेंबरात दक्षिणेला ऑर्चर्ड पार्कमध्ये सहा फुटांहून जास्त पडला, आमच्याकडे त्या मानाने फारच कमी. त्यामुळे निघताना रस्ता मोकळा असतो आणि दहा मैलांवर स्वतःच्या गाडीचं बॉनेट दिसत नाही. त्याच वर्षी नाताळच्या वादळात या परिसरात चाळीसहून जास्त माणसं गेली, काही तर गाडीतच. मदतीला निघालेल्या ॲम्ब्युलन्सही रुतून बसल्या होत्या. ते दिवस आम्ही खिडकीत बसून काढले. त्यानंतर आमचा हा गट झाला.

फोन येतात ते बरेचसे युनिव्हर्सिटीत नव्याने आलेल्या मुलांचे. पुण्या-नागपूरकडची मुलं, पहिलीच गाडी, पायात साधे बूट. चाक फिरेना की ती ॲक्सिलरेटर दाबत राहतात. जागेवर फिरणाऱ्या चाकाखाली बर्फ वितळतो, लगेच पुन्हा गोठतो आणि खाली काचेसारखा गुळगुळीत खड्डा तयार होतो. मी परभणीकडचा, काळ्या रानात रुतलेल्या बैलगाडीच्या चाकाखाली पळाट्या (कापसाची वाळलेली झाडं) घालताना लहानपणापासून पाहिलंय. इथे त्या जागी आम्ही वाळू टाकतो, नाहीतर मांजराच्या शी-शूच्या पेटीत घालतात ते मातीचे खडे. गोळे होणारे खडे मात्र घेऊ नका, ओले झाले की आपल्या काळ्या मातीसारखेच चिकट होतात.

कुठेही पोचलो की पहिलं फावडं सायलेन्सरपाशी, चाकापाशी नाही. नळीचं तोंड बर्फाने बुजलं आणि आत माणूस हीटर लावून बसला असेल, तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत भरतो. त्याला वास नसतो. एकदा एक मुलगा "डोकं दुखतंय, झोप येतेय" म्हणाला तेव्हा आम्ही आधी त्याला बाहेर ओढलं. मुलांच्या पालकांपैकी कुणी इथे वाचत असेल तर एवढं जरूर कळवा: अडकलात तर नळी मोकळी करा, तासाला दहाएक मिनिटंच इंजिन चालवा आणि एक काच बोटभर खाली ठेवा.

आता मूळ प्रसंग. पहाटे पाचला एका नर्सबाईंचा फोन आला. रात्रपाळी करून घरी निघाल्या होत्या, गाडी कडेला घसरून नाक चरात गेलेलं. अर्धा तास खोदलं, पण गाडीचं पोट घट्ट बर्फावर टेकलेलं आणि पुढची चाकं अधांतरी. आमच्यातल्या एकाचा पिकअप आहे. दोन्ही टोकांना लोखंडी हुक असलेला पट्टा होता. बंपरखाली हात घातला तर एक कडी लागली, तिच्यात एक हुक अडकवला. दुसरं टोक पिकअपच्या मागच्या, ट्रेलर जोडायच्या गोळ्याला. दुसऱ्या हिसक्याला ती कडी सरळ झाली, हुक सुटला आणि पिकअपच्या मागच्या फळीवर आदळला. मुठीएवढा खोल पोचा आहे तिथे. मी तेव्हा दोन हातांवर उभा होतो. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि त्या उलट आमचीच माफी मागत होत्या.

नंतर त्यांच्याच गाडीचं पुस्तक काढून वाचलं. ती कडी गाडी ट्रकवर बांधून नेण्यासाठी असते, ओढण्यासाठी नव्हे. ओढायचा खरा हुक डिकीत स्टेपनीजवळ होता. बंपरवरचं छोटं झाकण काढून तो आत पिळून बसवायचा असतो. तो गोळाही तुटून गोळीसारखा उडू शकतो, हे त्याच दिवशी कळलं.

तर जाणकारांना विचारायचंय ते असं. साध्या मोटारीसाठी ताणला जाणारा कायनेटिक दोर घ्यावा की विनाहुकाचा साधा पट्टा? पिकअपलाच बर्फावर पकड नसते, म्हणून हिसका द्यावा लागतो, आणि मला भीती आहे ती त्या हिसक्याचीच. गाडी तिरकी चरात असेल तर त्या पिळून बसवलेल्या हुकावर किती तिरका ताण चालतो? सेकंडहँड गाडीत हुकच नसेल तर आम्ही सरळ टो-ट्रक बोलवायला सांगतो. याहून काही करता येतं का? आणि इलेक्ट्रिक गाडी चाकं जमिनीवर ठेवून चार-पाच फूट ओढली तर चालते का? कॅनडातल्या किंवा मिनेसोटातल्या कुणी स्वतः केलं असेल तर कृपया अनुभव लिहा.

भर: प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. दोरावर मधोमध जड कोट किंवा घोंगडी टाकायची, म्हणजे तुटला तर कमी उसळतो, आणि माणसांना दोराच्या दीडपट लांब उभं करायचं, हे दोन्ही आजपासून पाळतोय. गाडी ज्या वाटेने आत गेली त्याच वाटेने मागे काढायची, हा सल्ला तर फारच मोलाचा. नर्सबाईंच्या वेळी आम्ही ती पुढे ओढत होतो. तिरक्या ताणाचं उत्तर अजून मिळालेलं नाही. शनिवारपासून पुन्हा सरोवरावरून वारा आहे आणि दोर त्याआधी मागवायचाय, तेव्हा कुणाला नक्की माहीत असेल तर दोन ओळी तरी लिहा.