साठ माणसांच्या कारखान्याला ईआरपी लागतं का? आप्पा म्हणतात, टॅली बास

लेथवाला_कुपवाड
नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही टर्निंग-ड्रिलिंग करून पंपवाल्यांना देतो. ६० माणसं, उलाढाल १४ कोटींच्या आसपास, प्रायव्हेट लिमिटेड. हिशोब टॅलीत, स्टोअर वहीत, प्रॉडक्शन एक्सेलमध्ये आणि डिस्पॅच डिस्पॅचवाल्याच्या डोक्यात.

मागच्या महिन्यात एका ग्राहकाने ४० नग परत पाठवले. मशीनिंगनंतर ब्लोहोल, म्हणजे कास्टिंगच्या आत राहिलेल्या हवेच्या पोकळ्या, उघडे पडले होते. त्याचा प्रश्न साधा होता: हीट नंबर (फाउंड्रीच्या भट्टीतल्या एका वितळणीचा नंबर) कुठला, आणि त्याच हीटचे अजून किती नग माझ्याकडे आलेत? उत्तर शोधायला अडीच दिवस लागले. चलनांच्या फायली, गेटची वही, सुपरवायझरची डायरी, सगळं उपसलं. शेवटी अंदाजाने २०० नग उचलून आणले, त्यात खराब निघाले ११.

तेव्हापासून मी ईआरपीच्या, म्हणजे स्टोअर, प्रॉडक्शन, डिस्पॅच आणि हिशोब एकाच जागी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मागे लागलोय. आप्पा (आमचे वडील) म्हणतात, "टॅली आहे की. अजून काय पाहिजे तुला?" तीन कोटेशनं आलीत, तिन्हींची भाषा वेगळी. घ्यावं का? घ्यायचं तर काय बघून?

जमाखर्च
आप्पांचं बरोबर आहे. वीस वर्षं सांगलीत लोकांचे हिशोब बघतोय. टॅलीत गोडाऊन आहे, बॅच आहे, बीओएम (एका नगाला काय काय लागतं त्याची यादी) आहे, जॉबवर्कला, म्हणजे बाहेर काम करून घ्यायला, दिलेला-आलेला माल आहे. बॅचच्या जागी हीट नंबर टाकला असता तर अडीच दिवस लागले नसते. तुम्ही ते कधी चालूच केलं नाही, हा टॅलीचा दोष नव्हे.

शिवाय कायदा बघा. ५ कोटींच्या वर ई-इन्व्हॉइस १ ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचं. १० कोटींच्या वर असाल तर १ एप्रिल २०२५ पासून इन्व्हॉइस ३० दिवसांत ई-इन्व्हॉइसच्या सरकारी पोर्टलवर चढलंच पाहिजे. कंपनी असल्यामुळे ऑडिट ट्रेलही आलं: १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी काय बदललं याची नोंद राहिलीच पाहिजे, ती बंद करता येता कामा नये. नवीन सॉफ्टवेअरवाला 'सगळं होतं साहेब' म्हणतो, आणि मार्चमध्ये ऑडिटरसमोर मी बसतो.

फाउंड्री_सातारा
जमाखर्चसाहेब, मान राखून असहमत. टॅलीचा जीव व्हाउचरमध्ये. कास्टिंग आत आलं की गेटवाला एक नोंद करतो, स्टोअरवाला दुसरी, क्यूसीवाला (माल तपासणारा) तिसरी, आणि बिल आल्यावर तुमचा माणूस चौथी. चार ठिकाणी चार आकडे. ईआरपीत गेटवर पडलेली नोंदच पुढे सरकते. क्यूसीने १०० पैकी ९३ पास केले की ७ ची डेबिट नोट (पैसे कापल्याची चिठ्ठी) तयार, बिल ९३ चंच पास होणार. आमच्याकडे हे चार वर्षं चालू आहे. मुळात हे प्रकरण जन्मलं एमआरपीतून, म्हणजे किती माल कधी मागवायचा या कारखान्यातल्या गणितातून. ईआरपी हे नाव गार्टनर या अमेरिकन सल्लागार कंपनीने १९९० मध्ये दिलं. हिशोब ही त्याची शेपूट आहे.

जमाखर्च
शेपूट? ईआरपीतली मोठी जर्मन कंपनी एसएपी १९७२ ची, आणि त्यांचं १९७३ मधलं पहिलं पॅकेज हिशोबाचंच होतं. बघा जरा.

फाउंड्री_सातारा
बरं, तो मुद्दा तुमचा.

बेदाणा_तासगाव
आमचा अनुभव सांगतो, म्हणजे तुम्हाला निदान काय विचारायचं ते कळेल. आम्ही बेदाण्याच्या धंद्यासाठी ईआरपी घेतलं होतं, नाव सांगत नाही. डेमोत सगळं छान. आमचा बॉक्स १५ किलोचा. कोल्ड स्टोरेजला लागतो तेव्हा १५, पण सौद्यात (लिलावात) बॉक्स फोडून बघतात, माल सांडतो-उधळतो, तूट धरतात, आणि पैसे त्या वजनावर. सॉफ्टवेअरला एक बॉक्स म्हणजे १५ किलो, विषय संपला. तूट दाखवायला आम्ही रोज 'डॅमेज' म्हणून नोंद करायचो. वर्षअखेरीला रिपोर्ट आला, त्यात आमचा निम्मा बेदाणा जणू सडला होता! बदल करून मागितला तर म्हणाले, कस्टमायझेशन, वेगळे पैसे. साडेतीन लाख आणि चौदा महिने गेले. आता त्यातून फक्त बिलं निघतात.

स्टोअरकीपर
इथं सगळे मालक आणि हिशोबवाले बोलताहेत. मी नोकरीला आहे, स्टोअरला. विषय सॉफ्टवेअरचा नाहीच, एंट्री कोण करणार याचा आहे.

संध्याकाळी साडेसहाला गाडी लागलेली. माल रॅकवर डोळ्यांनी दिसतोय. पण क्यूसीवाला पाचलाच घरी गेला, त्याने बटन दाबलेलं नाही, म्हणून स्क्रीनवर स्टॉक शून्य. इन्व्हॉइस निघत नाही. ड्रायव्हर हॉर्न मारतोय, साहेबांचा फोन चालू. मग काय करतो? स्टॉक अॅडजस्टमेंट मारतो, नग वाढवतो, बिल काढतो. सकाळी क्यूसीवाला येऊन बटन दाबतो, तेच नग परत वाढतात. सहा महिन्यांत कॉम्प्युटरमधला स्टॉक आणि रॅकवरचा स्टॉक यांची एकमेकांशी ओळखच राहिली नाही. हे आमच्याकडे झालंय. सॉफ्टवेअर महागाचं होतं, हे पण सांगतो.

फाउंड्री_सातारा
हे शंभर टक्के खरं. म्हणून अॅडजस्टमेंटचा अधिकार एकाच माणसाला द्यायचा, आणि क्यूसीवाला निघाला की बटन दाबायला दुसरा कोण, ते आधी ठरवायचं. हे मालकाचं काम. सॉफ्टवेअरवाला करून देत नाही.

लेथवाला, निवडताना एवढं बघ. तुझं काम जॉबवर्कचं. बाहेर ग्राइंडिंगला गेलेला माल जीएसटीत एका वर्षात परत आला पाहिजे, नाहीतर ती तुझी विक्री धरतात. कुठल्या जॉबवर्करकडे किती नग, किती दिवस पडलेत, हे एका स्क्रीनवर दिसतं का? आयटीसी-०४, म्हणजे जॉबवर्कच्या मालाचा जीएसटी फॉर्म, त्यातूनच निघतो का? आणि सोडायची वेळ आली तर डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढता येतो का? नावांचं म्हणशील तर ईआरपीनेक्स्ट मुंबईच्या फ्रॅपेचं, ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला), लायसन्सचे पैसे नाहीत. पण बसवून देणारा चांगला मिळाला पाहिजे, पैसे तिथे जातात. ओडू बेल्जियमचं. एसएपी बिझनेस वन लहान कंपन्यांसाठी म्हणतात, तरी तुझ्या आकाराला मला जड वाटतं.

पूररेषा
एक राहिलंच. सर्व्हर कुठे ठेवणार? आमचं ऑफिस सांगलीच्या गणपती पेठेत. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात तळमजल्यावरचा सर्व्हर पाण्यात गेला, आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये! हरिपूरच्या पेवांत (जमिनीखालच्या कोठारांत) लोक हळद ठेवायचे, २००५ च्या पुराने ती पेवं बुडवली, आणि आम्ही त्यातून काहीच शिकलो नाही. क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या दुसऱ्याच्या सर्व्हरवर, ठेवा.

स्टोअरकीपर
कुपवाडला कुठला पूर येतोय? तिथे नेट जातं. नेट गेलं की क्लाउडवाला चलन हातानेच लिहितो.

पूररेषा
नेट तासाभरात परत येतं हो. आमची २०१९ च्या आधीची खाती काही परत आली नाहीत.

जमाखर्च
आणि वेळ कुठली धरणार? तुमचे सॉफ्टवेअरवाले हमखास १ एप्रिल म्हणणार. मार्चमध्ये तुमचं डिस्पॅच सगळ्यात जास्त, माझी धावपळ त्याच्याहून जास्त. अमेरिकेतली हर्शी ही चॉकलेट कंपनी १९९९ मध्ये अशीच फसली. ११ कोटी डॉलरच्या आसपास खर्च, नवीन ईआरपी सगळं एका दमात चालू केलं, तेही हॅलोवीनच्या, म्हणजे तिकडच्या चॉकलेटच्या सणाच्या, तोंडावर. गोदामात चॉकलेट पडलेलं आणि सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी पाठवता येईनात. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तुम्ही तर ६० माणसं.

लेथवाला_कुपवाड
सगळ्यांचे आभार, भांडणाचेसुद्धा.

रविवारी कारखाना बंद ठेवून आप्पा, मी आणि स्टोअरचा मुलगा, तिघांनी स्टोअर मोजायला घेतलं. एकच बोल्ट वहीत 'बोल्ट १२×५०', एक्सेलमध्ये 'एम १२ बोल्ट ५० एमएम' आणि टॅलीत 'पंपाचा बोल्ट'. तिन्हीकडे वेगवेगळा शिल्लक, आणि संपला समजून परवाच नवीन मागवलेला. दुपारपर्यंत अशी चाळीसेक नावं सापडली. आप्पा आधी बसून बघत होते. जेवण झाल्यावर खडू घेतला आणि स्वतःच रॅकवर नंबर टाकायला लागले. "हे झालं की मग टॅलीच पुरेल बघ," हे मात्र दर अर्ध्या तासाने चालू होतं.

तिन्ही कोटेशनवाल्यांना मंगळवारी बोलावलंय. त्यांचा डेमो नको म्हणून सांगितलं. ती परत आलेली बॅच देणार, ४० नगांची. फाउंड्रीच्या चलनापासून ग्राहकाच्या दारापर्यंत हीट नंबर लावून दाखवा म्हणणार. मध्ये सात नग ग्राइंडिंगला गेलेत, ते पण.

जमाखर्च
मंगळवारी मलाही बोलवा. टॅलीत तीच बॅच लावून दाखवतो. आप्पांना म्हणावं चहा ठेवा.