शिष्यवृत्तीच्या शीटमध्ये अख्ख्या वर्गाचे आधार, प्रवर्ग, गुण उघडे. तक्रार कुठे करावी? (नागपूर)

संत्राबर्फी_२०:
नागपुरातल्या एका कॉलेजात बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला आहे. नाव मुद्दामच लिहीत नाही. महाडीबीटीच्या (राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) शिष्यवृत्तीसाठी ऑफिसनं वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गूगल शीटची लिंक टाकली, आपापलं खातं तपासा म्हणून. उघडली तर सगळ्यांचंच सगळं: पूर्ण आधार क्रमांक, बँक खातं, प्रवर्ग, वडिलांचं उत्पन्न. खाली दुसरा टॅब, त्यात मागच्या सेमिस्टरचे गुण आणि कोणाचे किती विषय राहिले ते. वरून शीट कोणालाही बदलता येते. एका पोट्ट्यानं एका मुलीच्या उत्पन्नासमोर शेऱ्याच्या रकान्यात हसरी इमोजी टाकून ठेवली आहे.

त्यातच मैत्रिणीला फोन आला, "तुमची शिष्यवृत्ती अडकली आहे, ओटीपी सांगा." समोरच्याला तिचा प्रवर्ग आणि खात्याचे शेवटचे अंक ठाऊक होते! शीटमधूनच गेलं असं छातीठोक सांगता येत नाही, पण एवढं सगळं एका जागी दुसरीकडे कुठे असणार? तिनं फोन कापला म्हणून पैसे वाचले.

ऑफिसात गेलो तर बाबू म्हणाले, "तुमच्याच सोयीसाठी टाकलं ना? नको असेल तर फॉर्म मागे घ्या."

लेखी तक्रार कोणाकडे करायची? आणि नाव कळलं तर इंटर्नलचे गुण त्याच लोकांच्या हातात आहेत, त्याचं काय?

महालातला_भाऊ:
काहून एवढं टेन्शन घेता? आमच्या वेळी निकाल पेपरात छापून यायचा, सगळं गाव पाहायचं.

संत्राबर्फी_२०:
भाऊ, पेपरात बैठक क्रमांक यायचा. नाव, जात आणि बापाचा पगार नाही यायचा.

जुनी_लेखनिक:
बरोबर बोललीस पोरी. मी कॉलेजच्या ऑफिसातच नोकरी केली, म्हणून सांगते. गुण नंतर बघू, आधी ती शीट बंद करवा. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज पुसून भागत नाही, लिंक ज्यांच्याकडे आहे त्यांना शीट उघडतेच. ज्याच्या खात्यावर ती आहे त्यानं शेअरिंग 'रिस्ट्रिक्टेड' केलं तरच दार लागतं. त्याआधी शीटचे स्क्रीनशॉट तारखेसकट काढून ठेव, दुसऱ्यांचे आकडे झाकून.

वकील_सीताबर्डी:
आधार कायदा, 2016 चं कलम 29(4) अर्जात लिहा: कोणाचाही आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करायला मनाई आहे. आधार देणारी संस्था यूआयडीएआय मास्क्ड आधारही देते, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. यादी तपासायला तेवढे पुरतात. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यावर मात्र आज भिस्त ठेवू नका. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, पण संस्थांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात.

तक्रार कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे. यूजीसीच्या 2023 च्या नियमांनुसार समितीनं 15 कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. पटला नाही तर 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील. समितीत एक महिला आणि मागासवर्गातली एक व्यक्ती असावीच लागते, तेही तपासा.

लेकीची_आई:
माझा भाचा अमेरिकेत शिकतो. तिथे 1974 पासून फेर्पा कायदा आहे. मूल कॉलेजात गेलं की गुणांवरचा हक्क त्याचा, आईवडिलांनाही सहसा त्याला विचारूनच दाखवतात. आपल्याकडे मामा म्हणून फोन केला तरी निकाल सांगतात.

जुनी_लेखनिक:
इंटर्नलची भीती खरी आहे, उगाच धीर देत नाही. म्हणून एकटीनं जाऊ नको. आठदहा जणांच्या सह्या घ्या, शक्यतो सगळ्या प्रवर्गांतल्या. अर्ज आवक-जावकला देऊन पोच घ्या. त्या मैत्रिणीला 1930 वर (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) त्या फोनची तक्रार नोंदवायला सांग, पैसे गेले नसले तरी.

संत्राबर्फी_२०:
आभार. अर्जात काय मागू?

वकील_सीताबर्डी:
चारच ओळी. "सदर शीट तात्काळ बंद करावी. ती कोणी डाउनलोड केली असल्यास काढून टाकण्याची लेखी सूचना द्यावी. यापुढे प्रत्येकाला फक्त स्वतःची नोंद दाखवावी. केलेली कार्यवाही आम्हास लेखी कळवावी." बाबूंचं नाव घालू नका, वाद माणसावर जातो आणि शीट तशीच राहते.