बालीत एकाच दिवशी जीप आणि स्नॉर्केलिंग: स्वतंत्र सहल घ्यावी का? (सल्ला हवा)

जुळेसोलापूरकर

नमस्कार मंडळी. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं बालीला चाललोय. मी, बायको, अकरा वर्षांचा मुलगा आणि बाबा (वय ६७). तिकिटं झाली आहेत, मुक्काम उबुडला आहे. एक दिवस मुद्दाम मोकळा ठेवलाय. तिथला एक जण दोन्ही एकत्र देतोय: पहाटे बातुर ज्वालामुखीच्या काळ्या लाव्हावर जीप, तिथून खाली समुद्राकडे उतरून पादांगबाईला ब्लू लगूनमध्ये स्नॉर्केलिंग (डोळे-नाक झाकणारा मास्क आणि तोंडात नळी लावून पाण्यावर तरंगत मासे बघणं). जीप आपली, बोट आपली, बरोबर दुसरं कुणी नाही.

बजेट चौघांचं मिळून १५ हजार. त्याच्यावर जायचं नाही.

मुलाला पोहता येतं, बायकोला येत नाही. बाबा बार्शीकडच्या विहिरीत पोहायला शिकलेत, अजून सूर मारतात, त्यामुळे लाइफ जॅकेटचं नाव काढलं की चिडतात. मला चष्मा आहे, उणे चार. एका दिवसात हे सगळं झेपेल का, आणि पैसे भरण्याआधी त्या माणसाला काय काय विचारून घ्यावं, एवढं सांगा.

कडकभाकरी

बाली कशाला भाऊ, अंदमानला जा की. आम्ही फेब्रुवारीत हॅवलॉकला जाऊन आलो (आता स्वराज द्वीप म्हणतात). एलिफंट बीचला गुडघाभर पाण्यात मासे पायाभोवती फिरत होते. व्हिसा नाही, पैसे बदलायची कटकट नाही, पोरांना वरणभात मिळतो. आपल्या देशात एवढं असताना बाहेर पैसा का घालवायचा?

होटगीरोडवाला

आम्ही गेल्या जूनमध्ये हेच केलंय, तेव्हा डोळे झाकून घ्या. चौघांचे २४ हजार गेले, पण त्यात फोटोवालाही होता. पहाटे तीनला गाडी दारात. अंधारातच जीप वर चढते, समोर आगुंग ज्वालामुखी, खाली बातुरचं तळं, मधे ढगांचा थर आणि त्याच्यातून सूर्य वर येतो. मी आजवर पाहिलेला सगळ्यात सुंदर सूर्योदय होता तो. नंतर लाव्हाच्या पठारावर नेतात. उतरून चाललं की पायाखाली भाजलेल्या शेंगांची टरफलं चुरडावी तसा आवाज येतो. दगड हातात घेऊन बघा, भोकाभोकाचा आणि वजनाला हलका. काळी धूळ मात्र नाकातोंडात जाते, रुमाल ठेवा. आणि स्वेटर न्या! इथे ४३ अंशात बॅग भरताना कुणाला स्वेटर सुचत नाही. आम्ही चादरी गुंडाळून बसलो होतो.

जुळेसोलापूरकर

धन्यवाद दादा, पण बजेट १५ आहे.

होटगीरोडवाला

अहो रोज थोडंच जाणार आहात? २४ घालवा, आयुष्यभर लक्षात राहील.

गड्डायात्री

+१ सूर्योदयाला. पहाटेचाच घ्या.

@कडकभाकरी, तुम्ही फेब्रुवारीत गेलात, ते मेमध्ये विचारताहेत. मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत अंदमानात मोसमी पाऊस येऊन ठेपतो. बालीत मेमध्ये कोरडा हंगाम सुरू झालेला असतो. दोन्हीकडची ऋतुचक्रं वेगळी आहेत.

भुईकोट

लाव्हाचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. मी शाळेत भूगोल शिकवते. बातुर १७१७ मीटर उंच आहे आणि जागृत आहे. १९२६ च्या उद्रेकात पायथ्याचं बातुर गाव लाव्हाखाली गेलं. लोकांनी गाव आणि देऊळ दोन्ही वर, कड्यावर नेऊन पुन्हा वसवलं. तेच देऊळ म्हणजे आजचं उलुन दानु बातुर. जीप काळ्या लाव्हावरून फिरते, त्यातला बराचसा १९६३ आणि त्यानंतरच्या उद्रेकांतला आहे. म्हणजे जुळेसोलापूरकरांच्या वडिलांच्या लहानपणीचा!

आणि आपण स्वतः कशावर उभे आहोत? आपल्या सोलापूरचा काळा पाषाणही लाव्हाच, फक्त साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पाऊस, ऊन, झाडाझुडपांनी तो झिजत गेला तेव्हा कुठे आपली काळी माती झाली. तिथे मुलाला एक दगड हातात देऊन सांगा की हीच आपल्या ज्वारीच्या रानाची सुरुवात. (दगड घरी मात्र आणू नका, तिथल्या लोकांसाठी तो डोंगर देवाचा आहे.)

मागवाला

ताई, फार छान सांगितलंत. माझ्या मुलीला वाचून दाखवलं.

नवीपेठी

सगळे सूर्योदयावर बोलताहेत, मास्कचं कुणीच सांगत नाही. माझा अख्खा दिवस मास्कने वाया घालवला. मला मिशी आहे. मास्कची रबरी कड नाकाखाली मिशीवर बसते, केसांतून पाणी आत शिरतं. दर दोन मिनिटांनी डोकं वर काढायचं, पाणी ओतायचं, पुन्हा खाली. खारं पाणी नाकात जाऊन डोळे लाल. बायको-मुलगी कासव बघून आल्या, मी बोटीच्या शिडीला धरून होतो. त्या दिवसाची हळहळ अजून जात नाही. तुमच्या बाबांना मिशी असेल तर नाकाखालची अर्ध्या सेंटीमीटरची पट्टी न्हाव्याकडून साफ करून घ्या. बाकी मिशी राहू दे.

मास्क घेताना पट्टा मागे टाकून चेहऱ्याला नुसता लावायचा आणि नाकाने हलका श्वास आत ओढायचा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर माप बरोबर, पडला तर दुसरा बघा.

शेंगापोळी

मी पूर्ण चेहऱ्याचा मास्क ऑनलाइन घेतला, २२०० ला. नाकाने श्वास घेता येतो, मिशीचा प्रश्नच नाही. तोच घ्या.

निळंपाणी

@शेंगापोळी, तो मास्क मी नवशिक्याला कधीच देणार नाही. साध्या नळीत पाणी आलं तर नळी तोंडातून सोडून देता येते. पूर्ण चेहऱ्याचा मास्क घाबरलेल्या माणसाला पटकन ओढून काढता येत नाही, आणि हलक्या मास्कमध्ये सोडलेला श्वास नीट बाहेर न जाता आतच फिरतो. साधा दोन भागांचा घ्या (मास्क वेगळा, नळी वेगळी). धागाकर्त्यांना उणे चार आहे, तर नंबरच्या काचा बसवलेला मास्क मिळतो का ते आधी विचारा. चष्म्यावर मास्क बसत नाही. नंबर नसेल तर खाली निळा धुरळा सोडून काही दिसणार नाही.

शेंगापोळी

मला तरी काही झालं नाही. दोन वेळा वापरलाय.

विजापूरवेस

एक महत्त्वाचं सांगतो. पाण्याखाली गेल्यावर २४ तास डोंगरावर आणि विमानात जायचं नसतं, रक्तात बुडबुडे होतात. त्यामुळे आधी समुद्र आणि मग बातुर असं चुकूनही करू नका.

निळंपाणी

हा नियम स्कूबाचा आहे हो. टाकीतली दाबाची हवा घेऊन खाली गेलं की नायट्रोजन रक्तात मुरतो, म्हणून एकाच डाइव्हनंतर किमान १२ तास आणि जास्त डाइव्ह असतील तर किमान १८ तास विमान टाळायचं, उंच डोंगराचीही तीच काळजी. स्नॉर्केलिंगमध्ये आपण पृष्ठभागावर तरंगत साधी हवा घेतो, त्याला हे लागू नाही.

मी बालीतच तुलाम्बेनला दोनदा डाइव्ह केलंय. तिथे लिबर्टी नावाचं अमेरिकन मालवाहू जहाज आहे. जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने निकामी झालं, किनाऱ्यावर आणून ठेवलं होतं. १९६३ मध्ये आगुंगच्या उद्रेकाने ते घसरून पाण्यात गेलं. भुईकोट ताई, तुमच्या लाव्हाचंच साल! वरचा भाग जेमतेम पाच मीटरवर आहे, स्नॉर्केल लावूनही दिसतो. मी तुमच्या जागी असतो तर जीप सोडून तुलाम्बेनलाच गेलो असतो.

मागवाला

जहाजाचं वाचून अंगावर काटा आला. पण धागा जीप-स्नॉर्केलिंगचा आहे ना?

मला बालीजवळचं नुसा पेनिडा बेट सुचवायचं होतं. मांटा मासे! पंख पसरले की आपल्या डबल चादरीपेक्षा मोठे.

गड्डायात्री

पेनिडाचा मांटा पॉइंट दक्षिणेला उघड्या समुद्रावर आहे, लाटा आणि ओढ दोन्ही जबरदस्त. पोहता न येणारी बाई आणि ६७ वर्षांचे काका घेऊन मी तरी जाणार नाही.

हुग्गी

मी पोहता न येणारी बाई. जाऊन आले म्हणून लिहिते. पहिले दहा मिनिटं मी बोटीची शिडी सोडली नाही. आमच्या गाइडने एक गोल टायर पाण्यात टाकला, मला तो धरायला लावला आणि दोरीने हळूहळू ओढत नेलं. तोंडातून श्वास घ्यायची सवय होईपर्यंत नुसतं तोंड पाण्यात घालून थांबायचं. एकदा का खाली निळापिवळा पोपटमासा प्रवाळ कुरतडताना पाहिला (कुरतडण्याचा आवाज पाण्यात स्पष्ट येतो!) की भीती कुठल्या कुठे गेली. वहिनींना नक्की उतरवा. फक्त विचारून घ्या: गाइड आमच्याबरोबर पाण्यात उतरणार की बोटीवरच बसणार? हाच सगळ्यात मोठा फरक. आणि पूर्ण बाह्यांचे, पोहायचे कपडे घाला. माझ्या पोटऱ्यांची मागची बाजू अशी भाजली की परतीच्या विमानात पाय टेकवता येईना.

अक्कलकोटरोड

बाबांबद्दल बोलतो, कारण आमच्या घरात हे झालंय. माझे सासरे विहिरीतले पट्टीचे पोहणारे. मालवणला लाइफ जॅकेट न घालता उतरले. विहिरीत पाणी जागचं हलत नाही, दमलात तर चार हातांवर पायरी असते. समुद्र तुम्हाला न कळत नेतो. मान खाली घालून मासे बघत राहिले, वर पाहिलं तर बोट लांब. परत यायला जोर लावला आणि दम लागला. बोटवाल्याने वेळेवर पाहिलं म्हणून निभावलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडलेला मी विसरू शकत नाही. काकांना माझा नमस्कार सांगा आणि जॅकेट घालायला लावा. पोहता येत नाही म्हणून नाही, तास-दीड तास आरामात तरंगत बघता यावं म्हणून.

जीपमध्ये त्यांना पुढे ड्रायव्हरशेजारी बसवा. मागच्या चाकांवरच्या सीटवर कमरेचा भुगा होतो.

कडकभाकरी

मालवणही चांगलं. एका रात्रीत गाडीने पोचता. पण अंदमान ते अंदमान.

शेंगापोळी

जेवणाचं कुणी लिहिलं नाही. गाडो-गाडो मागवा, उकडलेल्या भाज्या आणि वरून शेंगदाण्याचा दाट रस्सा. आपल्या माणसाला परकं वाटणारच नाही. शाकाहारी असाल तर ‘तेरासी’ नको असं सांगा, ती कोळंबीची चटणी असते आणि बऱ्याच वाटणात घालतात. शेंगाचटणीची पुडी बरोबर असू द्याच.

होटगीरोडवाला

आणि तिथल्या लाखांच्या आकड्यांना घाबरू नका. एक लाख रुपिया (तिथलं चलन) म्हणजे आपले साडेपाचशेच्या आसपास. विमानतळावर व्हिसाचे माणशी ५ लाख आणि २०२४ पासून बालीचा पर्यटक कर माणशी दीड लाख. हे बजेटमध्ये धरलंय ना?

जुळेसोलापूरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस घरात हाच विषय आहे. व्हिसा आणि कर वेगळे धरलेत.

तुमच्या प्रतिसादांवरून यादी करून त्या माणसाला पाठवली: गाइड पाण्यात उतरणार का, मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का, उणे चारच्या काचांचा मास्क आहे का, ओहोटी किती वाजता (तिथे प्रवाळ वर आहे, पाणी उतरलं की पोट घासतं म्हणे), आणि प्रवेशशुल्क, बोट, जेवण धरून एकूण किती. सगळ्यांची उत्तरं आली. मास्क उणे साडेतीनचा आहे, चालेल.

पण बेत उलटा केलाय. सकाळी सातला निघून आधी पादांगबाई. सकाळी पाणी शांत असतं, बोटींची गर्दी व्हायच्या आत तास-दीड तास मिळतो. अकराला बाहेर, जेवण, मग वर बातुरजवळ किंतामणी आणि साडेतीनला जीप. मावळती लाव्हावरच बघू. पहाटे तीनला उठवलं की पोरगा गाडीत उलट्या करतो, तुळजापूरचा घाटसुद्धा त्याला सोसत नाही. दिवसभर मलूल पोरगा घेऊन समुद्रात उतरायची माझी तयारी नाही. निळंपाणी यांनी तो बुडबुड्यांचा नियम समजावला नसता तर हे सुचलंच नसतं. दिवस आपल्या एकट्यांचा असल्यामुळे त्याने वेळ बदलून दिली. सूर्योदयाची गर्दी नाही म्हणून जीपही स्वस्त पडली. सगळं मिळून १४,३००.

बाबांना अक्कलकोटरोड यांचा प्रतिसाद मी मोठ्याने वाचून दाखवला. पूर्ण ऐकलं, काही बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, जॅकेट घालतो. मिशीला मात्र हात लावू देत नाहीत. काल साधा मास्क आणला, बादलीत तोंड घालून बघितलं, पाणी आत आलं. आज जलतरण तलावावर पुन्हा बघणार आहोत.

होटगीरोडवाला

सूर्योदय सोडू नका हो! दुपारनंतर किंतामणीत ढग उतरतात, आगुंग दिसणार नाही.

जुळेसोलापूरकर

ढग असले तर ढग बघू दादा. लाव्हा पायाखाली असेलच.

नवीपेठी

अर्धा सेंटीमीटर फक्त. काकांना माझा फोटो दाखवा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. काढली आहे हे ओळखूही येत नाही.