वॉर्ड ऑफिसची पायरी: तुमचं एक काम कसं झालं, किंवा कसं अडलं?

आवक-जावक

माझे वडील एका तालुक्याच्या गावी नगरपरिषदेत आवक-जावक कारकून होते. 'क' वर्ग नगरपरिषद, म्हणजे वस्ती पंचवीस ते चाळीस हजारांतली. पाणी दिवसाआड. टाकीची मोटार जळली की फिटर सापडायच्या आधी माणसं आमच्या ओट्यावर. वडील बनियनवरच बाहेर यायचे, "अर्ज द्या" म्हणायचे, आणि समोरच्याला लिहिता येत नसेल तर अर्जही स्वतःच लिहून द्यायचे. मुख्याधिकारी बदलून जायचे, नगराध्यक्ष पडायचे, ओटा मात्र तोच.

मला मुंबईत येऊन बावीस वर्षं झाली. आमच्या गावाचा कारभार १९६५ च्या नगरपरिषद कायद्यावर, इथला १८८८ च्या महापालिका कायद्यावर. ए पासून टी पर्यंत विभागांची अक्षरं, आणि बहुतेक विभागांत आमच्यासारखी दहा गावं सहज मावतील. ओटा कुठेच नाही. मग इथे काम नेमकं कोणामुळे होतं, हा माझा जुना प्रश्न.

आधी माझं सांगतो. मागच्या जूनमध्ये गल्लीच्या तोंडावरचं बिडाचं झाकण चोरीला गेलं. भोकात कोणीतरी अशोकाची फांदी खोचली, फांदीला लाल पिशवी बांधली. मी तक्रार केली. पर्जन्य जलवाहिन्यांवाले आले, वाकून बघितलं, "हे आमचं नाही, मलनिःसारणाचं." मलनिःसारणवाले म्हणाले, "आमच्या नकाशात इथे चेंबरच नाही, टेलिफोनवाल्यांचं असेल." फांदी वाळली, कोणीतरी नवी खोचली. ती तिसऱ्यांदा बदलली तेव्हा जुलै संपत आला होता. पुढचं नंतर सांगतो, आधी तुमचे अनुभव येऊ द्या.

एकच विनंती. खड्ड्यांवरचे विनोद नकोत, ते रोज वाचतो. एक काम घ्या आणि ते कुठून कुठे गेलं ते लिहा. कर्मचाऱ्यांची नावं नकोत.

तिसरा मजला

आमची चाळ तीन मजली. पाणी पहाटे साडेचार ते सव्वासहा. मार्चमध्ये गल्ली डांबरली, सगळे खूश. पाडव्यापर्यंत आमच्या मजल्यावरची धार करंगळीएवढी झाली आणि एप्रिलात नुसता दोरा. खालच्या मजल्यावर बादली भरायला वीस मिनिटं, आमच्याकडे भरायचीच नाही. जो तो म्हणे, उन्हाळा आहे, तलावांत पाणी कमी. आता मुंबईला सात तलाव, त्यात एकटा भातसा निम्म्याच्या आसपास पाणी देतो हे मलाही माहीत आहे. पण भातसा आटला तर शेजारच्या चाळीत फवारा कसा? तिथली पोरं पाइप लावून स्कूटर धूत होती.

दोन अर्ज दिले. उत्तर आलं, "दाब योग्य आढळला." कोपऱ्यावर मोजला होता, तिथे तो योग्यच होता.

शेवटी मी पहाटे चार वाजता चावीवाल्याची वाट बघत बसलो. मुंबईबाहेरच्यांसाठी सांगतो: इथे बहुतेक ठिकाणी पाणी चोवीस तास नसतं, भागाभागाच्या वेळा ठरलेल्या, आणि त्या त्या वेळी रस्त्यातल्या झडपा हाताने उघडणारा माणूस म्हणजे चावीवाला. हा सायकलवर आला, दांड्याला ती छातीएवढी लोखंडी चावी बांधलेली. मी विचारलं तर म्हणाला, "मी रोज फिरवतो ती कोपऱ्यावरची. तुमच्या गल्लीत आत अजून एक आहे. डांबर पडल्यापासून ती मला सापडतच नाही."

म्हणजे झडप रस्त्याखाली गेली होती, आणि काम चालू असताना कोणीतरी ती निम्मी बंद करून ठेवली होती! चावीवाल्याने हे वरती दोनदा सांगितलं होतं, पण तोंडी. मी तिसरा अर्ज दिला, त्यात हे लिहून. चार दिवसांत जेई साहेब, म्हणजे कनिष्ठ अभियंता, ब्रेकर घेऊन हजर. आता फोडायचं कुठे? नकाशाप्रमाणे फोडलं, माती निघाली. तळमजल्यावरच्या आजी खिडकीतून ओरडल्या, "अरे, सुताराच्या उंबऱ्यापासून चार पावलं, आणि नळाकडे एक. पावसात तिथेच बुडबुडे यायचे." चार पावलं आणि एक. खण्णकन आवाज झाला.

चावीवाल्याने चावी बसवली आणि फिरवताना मोठ्याने मोजायला लागला. अकरा, बारा, तेरा. चौदाव्याला जमिनीखाली घुर्र झालं. मी धावत वर गेलो. नळ आधी नुसता खोकला, मग तांबडं पाणी, मग धार. बायको मोरीत उभी राहून हसत होती.

आवक-जावक, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: आजी.

दहिसरची

तिसरा मजला, मस्तच! माझं छोटंसं. मुलीच्या जन्मदाखल्यावर नावाची जागा कोरीच होती. बारशाला नाव ठेवलं, दाखल्यात घालायचं राहिलं, ती सातवीत गेल्यावर लक्षात आलं. मला वाटलं आता कोर्टकचेरी. तर जन्मनोंदणीनंतर पंधरा वर्षांच्या आत नाव घालता येतं. शाळेचा दाखला, आमची ओळखपत्रं, एक फॉर्म, आणि आठवड्याने दाखला हातात. खिडकीवरच्या बाईंनी स्पेलिंग तीनदा वाचून दाखवायला लावलं, "नंतर बदलायला आलात तर फार फिराल." पंधरा वर्षांची मुदत जवळ आली असेल त्यांनी आजच उठा.

कोकणातून आलेली

आवक-जावक दादा, तुमच्या ओट्याबद्दल थोडं वेगळं बोलते, रागावू नका.

माझं माहेर कोकणात, नगरपरिषदेचंच गाव. तिथे ओटा होता म्हणूनच आमचं काम झालं नाही. शेजाऱ्याने पऱ्ह्यावर भिंत घातली. पऱ्ह्या म्हणजे पावसाळी ओढा, डोंगराचं पाणी उतरतं त्यातून. भिंतीने ते पाणी आमच्या अंगणात वळलं. पण शेजाऱ्याचा मेव्हणा नगरसेवक, बांधकाम खात्यातला माणूस माझ्या काकांचा वर्गमित्र, आणि मुख्याधिकारी ज्या टपरीवर चहा पीत ती शेजाऱ्याच्या भावाची. अर्ज दिला त्याच संध्याकाळी शेजारीण आमच्या दारात, "वहिनी, सांगायचं होतंत ना, अर्ज कशाला?" आईने दुसऱ्या दिवशी जाऊन तो परत घेतला. आजही पावसात आमच्या तुळशीला गुडघाभर पाणी असतं.

इथे सोसायटीसमोरच्या दुकानदाराने फुटपाथवर पत्रा टाकला तेव्हा मी तक्रार केली, क्रमांक मिळाला, आठ दिवसांनी पत्रा निघाला. कोणी केली ते त्याला अजून माहीत नाही. रोज "काय ताई" म्हणतो. मला कोणी ओळखत नाही हे मुंबईत मला फार बरं वाटतं.

आवक-जावक

ताई, रागावत नाही. वडीलही कधीकधी अर्ज आवक न करता खिशात घालून घरी आणायचे. "उद्या दोघं बोलतील, मग बघू." आम्हाला तेव्हा तो समजूतदारपणा वाटायचा. कोणाचा तरी पऱ्ह्या त्यातही असेल.

दहा रुपयांचा स्टॅम्प

निवृत्त आहे, वेळ भरपूर. आमच्या रस्त्यावर केबलसाठी चर खोदला, भरला, खचला. पुन्हा भरला, पुन्हा खचला. तक्रारींवर "काम पूर्ण" असा शेरा, तोही चर उघडा असताना.

मग मी तक्रार सोडली आणि माहिती अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला तीस दिवस. "रस्ता का खचला" असं विचारायचं नाही, कारण 'का'ला उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. कागद मागायचे. मी मागितले: कार्यादेशाची प्रत, मोजमाप पुस्तकाची त्या कामाची पानं, आणि दोषदायित्व कालावधी किती. हा शेवटचा शब्द पाठ करा. ठेकेदाराने केलेलं काम ठरावीक मुदतीत बिघडलं तर त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायचं, ती ही मुदत. आमच्या रस्त्याची संपायला पाच महिने होते. तीस दिवस गेले, उत्तर नाही. पहिलं अपील टाकलं. सुनावणीच्या दोन दिवस आधी रोलर आला.

कागद मला आजतागायत मिळालेले नाहीत. रस्ता मिळाला.

विक्रोळी लोकल

झाड. सोसायटीच्या आवारातलं असेल तर फांदीसुद्धा आपल्या मनाने तोडायची नाही, १९७५ चा कायदा आहे, उद्यान खात्याची परवानगी लागते. ती मिळते, पण छाटणीचा खर्च सोसायटीचा. आम्ही अर्ज मार्चमध्ये करायचा तो जूनमध्ये केला. फांदी माझ्याच स्कूटरवर पडली. दोष द्यायला कोणीच नाही, सेक्रेटरी मीच.

टॉवेलवाला

सगळं फारच गोड चाललंय. 'चहापाणी' कोणीच कसं लिहीत नाही?

टेबलाच्या पलीकडचा

टॉवेलवाले, मी लिहितो. एकतीस वर्षं महापालिकेत नोकरी, पर्जन्य जलवाहिन्या आणि मग परिरक्षण, म्हणजे देखभाल-दुरुस्ती. होय, चालतं. सगळ्यात जास्त कुठे चालतं तर जिथे कामच बेकायदा असतं. पोटमाळा वाढवणारा माणूस टेबलापाशी येतो तेव्हा पाकीट आधीच काढून येतो. झाकण मागणाऱ्याकडून कोणी काही मागत नाही. त्याचा त्रास वेगळा असतो, त्याच्याकडे कोणी बघतच नाही.

का बघत नाही ते सांगतो. पावसाळ्यात एका इंजिनिअरच्या नावावर दिवसाला पंचवीस-तीस तक्रारी. त्यातल्या निम्म्या अशा: "स्टेशनरोडला पाणी तुंबलंय." स्टेशनरोड दीड किलोमीटर आहे हो! मुकादम जातो, एक टोक बघतो, परत येतो, तक्रार बंद. तुमच्या जवळच्या दिव्याच्या खांबावर नंबर रंगवलेला असतो. तो लिहा. "खांब नंबर अमुक, दुधाच्या केंद्रासमोर." माणूस थेट तिथेच येतो. महापालिकेच्या १९१६ या नंबरवर फोन करतानाही तेच सांगायचं, आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.

आवक-जावक, तुमच्या झाकणाचं गूढ सोपं आहे. मुंबईत पावसाचं पाणी आणि मलपाणी यांच्या वाहिन्या वेगळ्या. पावसाचं शेवटी समुद्राला किंवा खाडीला जातं, मलपाणी आधी प्रक्रियेला. झाकण गेलं की कोणाचं हे नकाशाने नाही कळत, कोरड्या दिवशी नाकाने कळतं. फक्त जोडणी चोरटी असेल तर नाकही फसतं.

आणि तुंबण्याबद्दल. २६ जुलै २००५ ला मी ड्यूटीवर होतो. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर. त्या दिवसाबद्दल कोणी कोणाला बोल लावावा असं मला वाटत नाही. पण साध्या पावसात लोक म्हणतात, "गटार साफ नाही." कधी खरंच नसतं. पण भरती साडेचार मीटरच्या वर असते तेव्हा समुद्रच गटारात शिरू पाहतो, पाणी जाणार कुठे? म्हणून तर हाजी अली, ईर्ला, लव्हग्रोव्ह इथे पंप बसवले. पाऊस बघताना भरतीचं वेळापत्रकही बघत चला, आम्ही भिंतीवर चिकटवून ठेवायचो.

अजून एक. ७ मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली, पुढे बराच काळ प्रशासक. तेव्हा लोक थेट आमच्या टेबलाशी यायला लागले. नगरसेवक असताना रोज सकाळी त्याचा एक फोन यायचा, दहा कामांची यादी. ती यादी आम्हाला नकोशी वाटायची. बंद झाल्यावर कळलं की गाळणी तोच होता. दोनशे माणसं एकदम समोर उभी, कोणाचं आधी घ्यायचं?

चौकीतली मुलगी

मी तक्रार करणाऱ्यांपैकी नाही. माझी आई झाडूखात्यात होती, सत्तावीस वर्षं. पहाटे साडेसहाला हजेरी चौकी, मुकादमासमोर उभं राहायचं, मग बीट. बीट म्हणजे तिच्या वाट्याचा रस्ता. लहानपणी सुट्टीत मी तिच्याबरोबर जायचे. लोक तिला "ए बाई" म्हणायचे, आणि एक म्हातारे पारशी गृहस्थ रोज "गुड मॉर्निंग". आई त्यांना "मोनिंग" म्हणायची. ते गेले तेव्हा ती त्या गेटासमोर झाडताना दोन दिवस थांबत होती.

तुम्ही एक काम लिहा म्हणालात ना, तर हे तिचं. दिवाळीनंतरच्या एका सकाळी कचऱ्याच्या पिशवीत फुटलेला बल्ब होता. तळहात इथून इथपर्यंत कापला, सात टाके. हातमोजे होते, पण ते घालून झाडूच धरता यायचा नाही, इतके जाड. त्यानंतर तिने काय केलं, जुन्या वर्तमानपत्राचे चौकोन कापले आणि बीटवरच्या प्रत्येक इमारतीच्या वॉचमनला वीस-वीस दिले. "काच याच्यात गुंडाळा म्हणावं, वर लाल पेनाने फुली मारा." निम्म्यांनी फेकले. एका इमारतीत मात्र ती निवृत्त झाल्यावरही फुलीची पुडकी येत राहिली. तिच्या जागी आलेल्या पोराने तिला फोन करून विचारलं, "मावशी, ही फुली कसली?"

तिसरा मजला

आजच्या आज आमच्या चाळीत सांगतो. फुलीचं.

टॉवेलवाला

मीपण.

आवक-जावक

झाकणाचं राहिलं होतं.

ऑगस्टमध्ये एका कोरड्या दिवशी मी खरंच वाकून वास घेतला. बायको गॅलरीतून बघत होती, तिला वाटलं किल्ली पडली. वास मलपाण्याचाच होता. अर्जात तसं लिहिलं, खालच्या वीटकामाचा फोटो जोडला. खांबाचा नंबर तेव्हा ठाऊक नव्हता, पण रेशन दुकानाची पाटी फोटोत येऊ दिली होती. सहाव्या दिवशी टेम्पो आला. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तुंबलेल्या पाण्यात एक डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले, त्या दुर्घटनेनंतर मॅनहोलमध्ये आत जाळी बसवायला लागलेत, तशी जाळीही बसवली. वर नवं झाकण. मी उतरवणाऱ्यांना चहा दिला, टॉवेलवाले, नोंद घ्या, काम झाल्यावर दिला.

झाकण कड्यापेक्षा अर्धा इंच लहान निघालं. रिक्षा गेली की ठण्ण वाजतं. रात्री दीडच्या सुमाराला कोपऱ्यावरचा डॉक्टर घरी येतो, तेव्हा दोनदा, पुढचं चाक आणि मागचं. नवा अर्ज लिहायला घेतला आहे, खांब नंबर आत्ताच खाली जाऊन बघून आलो.