मदत हवी आहे: नव्याने आलेल्यांना 'इमिग्रंट' हे विशेषण चालेल का?

नमस्कार मंडळी,
लेकीचा अकरावीचा प्रकल्प कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश छावणीवर आहे, सोमवारी द्यायचाय. इंग्रजी मजकुरात तिनं 'इमिग्रंट पोलिश फॅमिलीज' लिहिलं. मॅडमनी 'इमिग्रंट'भोवती पेन्सिलीनं गोल केलाय, शेजारी नुसतं प्रश्नचिन्ह.

शब्दकोशात बघितलं. हा शब्द नामही आहे आणि विशेषणही, म्हणजे व्याकरण चुकलेलं नाही. मग खटकतंय ते अर्थात असावं. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियानं सायबेरिया-कझाकस्तानात नेऊन टाकलेली ही माणसं, बहुतेक बायका आणि पोरं. १९४३ पासून ती इथं आली, पाच हजारांच्या आसपास. १९४८ ला छावणी बंद झाली. कायमचं राहायला ती आलीच नव्हती.

माझी पणजी टोपलीत भाताचं तूस पसरून त्यात अंडी ठेवायची आणि छावणीत विकायला न्यायची. सगळा हिशेब बोटांवर. तिच्या तोंडी 'निर्वासित' हा शब्द कधी आला नाही, 'नवी आल्याली माणसं' एवढंच म्हणायची. इंग्रजीत नेमकं तेच हवंय. 'न्यू फॅमिलीज' म्हटलं तर भलताच अर्थ निघेल. 'न्यूली अराइव्ह्ड' नामाच्या आधी लावतात का?

दुसरं, फाळणीनंतर त्याच जागेत सिंधी कुटुंबं आली, गांधीनगर झालं. ती तर राहिली. त्यांना 'इमिग्रंट' म्हणावं का?

प्रतिसाद १:
मॅडमचं बरोबर आहे. 'इमिग्रंट'मध्ये दुसऱ्या देशात वस्ती करायला येणं गृहीत असतं. 'न्यूली अराइव्ह्ड' नामाआधी बिनधास्त लावा, मध्ये हायफन नको. पण हे विशेषण शिळं होतं. १९४३ च्या वाक्यात शोभेल, १९४७ च्या वाक्यात नाही. तिथं 'रेफ्युजी' लिहा. सिंधी कुटुंबांसाठी सरकारी इंग्रजीत 'डिस्प्लेस्ड पर्सन्स' होतं, १९५४ च्या पुनर्वसन कायद्याच्या नावातच ते आहे. विशेषण म्हणून 'डिस्प्लेस्ड सिंधी फॅमिलीज' करा.

धागाकर्ती:
मनापासून आभार! 'शिळं होतं' हे लेकीला लगेच पटलं. पहिल्या परिच्छेदात 'न्यूली अराइव्ह्ड' घातलं, पुढं 'रेफ्युजी'. आता एकच राहिलं. पणजीचं 'नवी आल्याली माणसं' मराठीतच ठेवून खाली इंग्रजी अर्थ द्यायचं म्हणतेय ती. इंग्रजीच्या प्रकल्पात चालेल ना?