किनाऱ्यावरची फसलेली मासे थाळी: अनुभव धागा

मालवण, तारकर्ली, अलिबाग, हर्णै, कलंगुट. समुद्र समोर दिसतोय आणि ताटातला मासा बेचव, ही तक्रार आता नेहमीची झाली आहे. नुसतं ‘वाईट होतं’ लिहून पुढच्या माणसाच्या पदरात काही पडत नाही. पदार्थ कोणता, नेमकं काय बिघडलं आणि का, एवढं लिहा. हॉटेलचं नाव नको. बाजारातली आणि स्वयंपाकघरातली मंडळी इथे आहेत, त्यांनी सुरुवात करावी.

रापणकर
आधी तारीख बघा. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत मेनूवर सुरमई, पापलेट, कोळंबी सगळं हजर असेल तर बहुतेक माल बर्फातला असतो. पावसाळ्यात खाडीचे मासे, तिसऱ्या (शिंपल्या), चिंबोऱ्या (खेकडे) मागा, नाहीतर सरळ सुकं घ्या. सोड्यांची (सुक्या कोळंबीची) आमटी आणि भाजलेला सुका बांगडा हे त्या मोसमाचंच जेवण आहे. त्याला कमी समजू नये.

अदलाबदल ओळखायची तर: सुरमईच्या तुकडीत मधोमध गोल काटा, कडेला रुपेरी कातडी आणि घट्ट मांस असतं. स्वस्त ‘बोनलेस सुरमई’ म्हणून पांढराफटक, बिनकातडीचा, दाबला की पाणी सोडणारा तुकडा आला तर तो बहुधा बासा, म्हणजे गोड्या पाण्यात वाढवलेला स्वस्त मासा. पापलेटच्या नावावर रूपचंद खपवतात. तो गोड्या पाण्यातला मासा. अख्खा आला तर तोंड उघडून बघा, रूपचंदला माणसासारखे रुंद दात असतात.

खानावळवाला
रापणकर म्हणतात ते खरंच, पण बर्फातला मासाही नीट तळला तर खाण्याजोगा होतो. बिघडतो तो घाईमुळे. तो आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून हळूहळू सुटू द्यावा लागतो, मग कपड्याने टिपून कोरडा करायचा. हळद, मीठ, तिखट आणि कोकमाचं आगळ लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा आणि रवा अगदी तव्यावर टाकताना लावायचा. गर्दीच्या हॉटेलात अर्धवट सुटलेल्या तुकडीला सकाळीच मसाला आणि रवा लावून थाळे भरून ठेवतात. मासा पाणी सोडतो, रवा भिजतो, तव्यावर तेल थंड पडतं. मग रवा सालीसारखा सुटून येतो, बाहेर तेलकट आणि आत काट्यापाशी लालसर कच्चं. ताटात ही खूण दिसली तर परत पाठवा. पुन्हा तळून आणलेलं घेऊ नका, तो आणखी चिवट होतो.

तुकडीची जाडीही बघा. अर्धा इंच हवी. पाव इंचाची असेल तर रवा लाल होईपर्यंत मासा सुकून जातो. अशा तुकडीने ताट भरलेलं दिसतं, एवढाच तिचा उपयोग.

आणि ‘साइजप्रमाणे दर’ लिहिलं असेल तर मासा समोर आणायला सांगा, वजन आणि रक्कम दोन्ही विचारा, मगच तव्यावर जाऊ द्या. तळल्यावर वाद घालून काही हाती लागत नाही.

वाटण
रश्शाबद्दल लिहिते. बांगडा, सुरमई, कोळंबी, तिन्हींच्या वाट्यांत एकच लाल रस्सा असेल तर मागे कांदा-टोमॅटोचं एकच पातेलं आहे. बांगड्याच्या तिखल्याला (तिखट, दाटसर कालवणाला) तिरफळं लागतात, म्हणजे कोकणातलं मिरीसारखं झणझणीत मसाल्याचं फळ. ती जरा ठेचून, काळी बी काढून, उतरवायच्या आधी घालायची. कोळंबीला ती चालत नाहीत. ओलं खोबरं, सुकी मिरची, धणे, हळद बारीक वाटून आंबटपणा कोकमाचा. टोमॅटोचा गोडसरपणा जिभेवर आला की समजायचं.

सोलकढी मला सगळ्यात जास्त खटकते. एका मोठ्या नारळाच्या दुधात आठ-दहा आमसुलं, लसणीच्या दोन पाकळ्या, एक हिरवी मिरची. पाच-सहा वाट्या होतात. रंग फिकट गुलाबी. गडद राणी रंगाची आणि गोड आली तर कोकम सरबताचा पाक घातलाय. ताज्या सोलकढीचा वर साय आणि खाली पाणी असा थर थोड्या वेळाने बसतोच, त्याला घाबरू नका.

उकडा तांदूळ
गोव्याचं थोडक्यात. शीत-कडीच्या (भात आणि माशाच्या कढीच्या) ताटात उकडा भात आणि पातळ हुमण, म्हणजे नारळाची माशाची कढी हवी. हुमण त्या जाड शितांसाठीच असतं. लांब दाण्याच्या भातावर ते नुसतं खाली वाहून जातं. सोबत किसमूर (सुक्या माशाची खोबरं घातलेली कोशिंबीर) आणि तिसऱ्यांचं सुकं असलं की स्वयंपाकघर स्थानिक माणसाचं आहे असं धरायला हरकत नाही. रेशाद (लाल मसाला भरून तळलेल्या) बांगड्यात मसाला पोटात घट्ट भरलेला असतो. वरून लाल सॉस ओतला असेल तर तो रेशाद नव्हे. एकाच कार्डावर पंजाबी, चायनीज, रशियन आणि गोवन असेल तिथे मासा मागवूच नये. एवढ्या पदार्थांचा माल रोज ताजा आणणं कुठल्याच शॅकला (किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलला) झेपत नाही.

हिशेबनीस
बिलाकडे बघा. सेवा शुल्क आपोआप लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला ते कायम ठेवलं. काढायला सांगा, नकार मिळाला तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के. कंपोझिशन योजनेतल्या (छोट्या व्यवसायांसाठीच्या सोप्या कर योजनेतल्या) हॉटेलला तो गिऱ्हाइकाकडून घेताच येत नाही. बिलावर अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांकही हवा. शिळ्या माशाची तक्रार करताना तोच लागतो.

रापणकर
एक राहिलंच. गाडीवाल्याने आपणहून सुचवलेल्या ठिकाणी त्याचं जेवण आणि कमिशन तुमच्याच बिलातून निघण्याचा संभव असतो. जागा तुम्ही ठरवा.

वाटण
घरगुती जेवण हवं असेल तर सकाळी फोन करून किती माणसं ते सांगा आणि ‘आज काय आलंय?’ एवढंच विचारा. मासा आपण ठरवून सांगितला की शीतपेटी उघडली जाते. कोंबडी-वडे हवे असतील तर आदल्या रात्रीच कळवा. तांदूळ आणि उडदाचं पीठ भिजवून काही तास मुरावं लागतं. आयत्या वेळी मागितले तर मैद्याच्या पुऱ्या येतात.