बायपासला ‘फक्त ईएसपी’? मला मान्य नाही

भूलतज्ज्ञ, नाशिक
‘बायपासला दोन्ही बाजूंनी ईएसपी द्या, बाकीचे ब्लॉक विसरा’ ही कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. ईएसपी, म्हणजे पाठीच्या इरेक्टर स्पायनी स्नायूखाली बधिरीचं औषध सोडायचा ब्लॉक, २०१६ मध्ये आला तो छातीच्या न्यूरोपॅथिक (नसांच्या बिघाडाच्या) वेदनेसाठी. स्टर्नम (छातीचं मधलं हाड) कापल्यावरचं दुखणं टी२ ते टी६ इंटरकॉस्टल (बरगड्यांमधल्या) नसांच्या पुढच्या टोकांचं. आपण औषध सोडतो पाठीत, टी५ मणक्याच्या बाजूच्या टोकावर (ट्रान्सव्हर्स प्रोसेस). ते वर-खाली छान पसरतं, पण पुढे, या नसा निघतात त्या पॅराव्हर्टिब्रल जागेत शिरेलच याची खात्री नाही. मग पाठ बधिर होते आणि स्टर्नम दुखतच राहतो.

सुपरफिशियल पॅरास्टर्नल (स्टर्नमच्या कडेला, वरच्या थरातला ब्लॉक) द्या. पेशंट उताणा, अल्ट्रासाउंड प्रोब स्टर्नमच्या कडेला उभा, सुई पेक्टोरॅलिस मेजर (छातीचा मोठा स्नायू) आणि इंटरकॉस्टल स्नायूंच्या मधे. टोक बरगडीवर टेकवून औषध सोडलं की प्लुरा (फुप्फुसाचं आवरण) लांब राहतो. डीप पॅरास्टर्नलच्या वाटेला जाऊ नका: त्याच थरात लिमा (छातीच्या आतली डावी धमनी, जी बायपासच्या ग्राफ्टसाठी काढतात) असते, आणि ती काढल्यावर थरच फाटलेला असतो.

कार्डियाक ॲनेस्थेशिया, पुणे
डॉक्टर, तुम्ही फक्त जखम बघताय. रिट्रॅक्टर (छाती उघडी धरायचं साधन) फाकवला की बरगड्या मागे मणक्याच्या सांध्यात ताणल्या जातात. लिमा काढताना डावी बाजू वर उचलतात, म्हणून दुसऱ्या दिवशी पेशंट डाव्या खांद्यामागे हात दाखवतो. तिथे पॅरास्टर्नलचा काडीचा उपयोग नाही. हेपॅरिनने रक्त पातळ होऊन मणक्यात रक्तस्राव होईल या धास्तीने एपिड्युरल (मणक्यात द्यायची बधिरी) सोडला, त्या जागी पाठीचं दुखणं धरणारा सोपा ब्लॉक ईएसपीच. अर्धवट मांडणी करून तो बाद ठरवू नका!

भूलतज्ज्ञ, नाशिक
अर्धवट? लेफ्ट मेनच्या (हृदयाच्या मुख्य डाव्या धमनीत अडथळा असलेल्या) पेशंटला ब्लॉकसाठी कुशीवर वळवणार कधी, हेही मग लिहा. भुलेनंतर वळवलं तर प्रेशर पडतं, ऑपरेशननंतर वळवायचं तर श्वासाची ट्यूब, लाइन्स आणि ड्रेन (छातीत साचलेलं रक्त काढणाऱ्या नळ्या) सांभाळायला चार माणसं लागतात.

कार्डियाक आयसीयू, सोलापूर
दोघंही ड्रेन विसरलात. पेशंट खोकत नाही तो बहुतेकदा ड्रेनमुळे. मीडियास्टायनल (हृदयाभोवतीच्या जागेतले) ड्रेन झायफॉइडच्या (स्टर्नमच्या खालच्या टोकाच्या) खालून निघतात, तिथवर पॅरास्टर्नल पोचत नाही. वेदनेचा स्कोअर पडल्या पडल्या २ आणि खोकताना ८. चार्टवर मात्र २च लिहिला जातो. अशाने लंग बेस (फुप्फुसांचे तळाचे भाग) बसतात. रेक्टस शीथमध्ये (पोटाच्या उभ्या स्नायूच्या आवरणात) वरच्या बाजूला दोन्हीकडे १०-१० मिली द्या.

कार्डियाक ॲनेस्थेशिया, पुणे
आणि एकूण डोसचं काय? ६० किलोच्या पेशंटला रोपिव्हाकेनची (बधिरीच्या औषधाची) मर्यादा ३ मिग्रॅ प्रति किलो धरली तर १८० मिग्रॅ. ०.७५ टक्क्याची व्हायल निम्मी करून ०.३७५ टक्के केलंत, छातीला २०-२० आणि रेक्टसला १०-१० मिली दिलंत, की झाले २२५. वर हार्ट-लंग पंपनंतर प्रथिनं पातळ झालेली, ॲसिडोसिस (रक्तात आम्ल वाढलेलं), लिव्हरला रक्त कमी, म्हणजे औषध अंगावर यायचा धोका जास्त. पेशंट ट्यूबवर, म्हणजे ओठ मुंग्यावल्याचं (औषध जास्त झाल्याची खूण) सांगणार नाही. पहिली दिसणारी खूण ॲरिदमिया (ठोक्यांची गडबड), आणि तिचा दोष सगळे ग्राफ्टला देणार.

कार्डियाक आयसीयू, सोलापूर
म्हणूनच ०.२ टक्के वापरायचं. तेच ६० मिली, १२० मिग्रॅ. भरण्याआधी सिरिंजवर टक्केवारी लिहा. २० टक्के लिपिड (या विषबाधेवरचा उतारा) खाटेपाशी हवं: पहिला बोलस १.५ मिली प्रति किलो, म्हणजे ६० किलोला ९० मिली. स्टोअरमधून येईपर्यंत थांबायची ही गोष्ट नाही.

कार्डियाक ॲनेस्थेशिया, पुणे
०.२ टक्क्यांचा हिशोब मान्य. स्टर्नमसाठी पॅरास्टर्नल सरस, तेही मान्य करतो. पण लिमा काढलेल्या पेशंटची डावी पाठ दाबून बघितल्याशिवाय ‘ईएसपी नको’ म्हणू नका.

भूलतज्ज्ञ, नाशिक
पाठ दुखत असेल तर डावीकडे एकच ईएसपी, ट्यूब निघाल्यावर, बसवून. दोन्हीकडे सरसकट नाही. आणि पॅरास्टर्नल, रेक्टस आधी दिले असतील तर तेवढे मिग्रॅ वजा करून.